दुसऱ्या खंडाची वाट : होप एमिली ॲलन यांचे उत्तर-मध्ययुगीन इंग्रजी भक्तिवाङ्मयाचे संशोधन

बीजसंज्ञा : भक्तिवाङ्मय, कर्तृत्वनिश्चिती, पाठचिकित्सा, रिचर्ड रोल, मार्जरी केम्प, स्त्री-संशोधक

प्रस्तावना

‘अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी’ या संस्थेने 1940 मध्ये ‘द बुक ऑफ मार्जरी केम्प’ या पंधराव्या शतकातील ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. संस्थेच्या मूळ मालिकेतील हा 212 वा ग्रंथ होय. त्याच्या शीर्षकपृष्ठावर ‘खंड पहिला’ असे छापलेले आहे. दुसरा खंड मात्र कधीच निघाला नाही. शीर्षकपृष्ठावर संहितेचे संपादक म्हणून सॅनफर्ड ब्राउन मीच यांचे नाव आहे. होप एमिली ॲलन (1883-1960) यांचे नाव प्रास्ताविक टिपणाच्या लेखिका आणि टिपा व परिशिष्टांच्या सहलेखिका एवढ्याच नात्याने येते. वस्तुतः हे हस्तलिखित कोणत्या ग्रंथाचे आहे हे ओळखले ते ॲलन यांनी, मीच यांना या कामात बोलावले तेही ॲलन यांनीच आणि न निघालेला दुसरा खंड लिहिणार होत्या त्याही ॲलनच.

ॲलन यांच्याविषयी पुढील काळात जे लेखन झाले, त्यात या अपूर्णतेकडे दोन प्रकारे पाहिले गेले आहे. एक, दुर्बल प्रकृती व युद्धकालीन परिस्थिती यांमुळे राहून गेलेले काम; दोन, पुरुषप्रधान विद्याव्यवस्थेने एका स्त्री-संशोधकावर केलेला अन्याय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु ॲलन यांच्या 1910 पासूनच्या संशोधनाचा क्रम लावून पाहिल्यास असे दिसून येते, की ज्या पद्धतीमुळे त्यांना ते हस्तलिखित ओळखता आले, त्याच पद्धतीमुळे दुसरा खंड पुरा होणे अवघड झाले. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचा विचार या दृष्टीने करण्याचा प्रयत्न केला आहे.

विद्यापीठाबाहेरील विद्याव्यासंग

न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा येथे ॲलन यांचा जन्म झाला. जॉन हम्फ्री नॉइस यांनी 1848 मध्ये स्थापन केलेल्या, खाजगी मालमत्ता व रूढ विवाहसंस्था दोन्ही नाकारणाऱ्या धर्मसमुदायाचे त्यांचे आईवडील सदस्य होते. ॲलन यांच्या जन्मापूर्वीच, 1881 च्या आरंभी, या समुदायाचे रूपांतर भागभांडवलावरील कंपनीत झाले होते आणि पुढे ही कंपनी चांदीच्या काटे-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाली. धर्मवेडाने एकत्र आलेल्या माणसांच्या आठवणींत वाढलेली मुलगी पुढे धर्मवेड्यांच्या वाङ्मयाकडे वळली, अशी सरळ रेघ ओढण्याचा मोह चरित्रकारांना होणे स्वाभाविक आहे. मात्र अशा रेघेने काही सिद्ध होत नाही. फार तर एवढेच म्हणता येईल, की धार्मिक अनुभव हा एकट्या व्यक्तीचा नसून तो भोवतालच्या माणसांत घडतो व त्यांच्या तोंडून पुढे जातो, ही जाणीव ॲलन यांना पुस्तकांतून मिळवावी लागली नसावी.

ब्रिन मॉर महाविद्यालयातून 1905 मध्ये पदवी आणि 1906 मध्ये एम. ए., नंतर रॅडक्लिफ येथे पुढील अध्ययन आणि त्यानंतर केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वास्तव्य, असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम आहे. पीएच. डी. त्यांनी घेतली नाही. केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास 1948 पर्यंत विलंब लावला, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे. विद्यापीठात नियमित अध्यापनाचे पद त्यांनी कधी भूषविले नाही. मिशिगन येथील आरंभिक आधुनिक इंग्रजीच्या शब्दकोशाचे काही काळ केलेले काम हीच काय ती त्यांची नोकरी. मर्यादित खाजगी उत्पन्नावर, इंग्लंडमधील ग्रंथालये व खाजगी संग्रह पालथे घालीत त्यांनी आपले संशोधन केले. ज्या व्यक्तीला अभ्यासक्रम पुरा करावयाचा नाही, सत्र संपवावयाचे नाही, बढतीसाठी ग्रंथ दाखवावयाचा नाही, तिला एका प्रश्नामागे दहा वर्षे जाता येते. हे स्वातंत्र्य मोठे होते; पण कोठे थांबावयाचे हे सांगणारेही बाहेर कोणी नव्हते.

रोलच्या नावाभोवतीचे धुके

रिचर्ड रोल हा यॉर्कशायरमधील एकांतवासी साधक. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून तो विजनवासात गेला आणि 1349 मध्ये हॅम्पोल येथे मृत्यू पावला. तेथील जोगिणींनी पुढे तो संत घोषित व्हावा या आशेने त्याच्या नावाचा उपासनापाठ सिद्ध करविला. तो संत कधी घोषित झाला नाही. परंतु त्याच्या नावाला एवढे वजन आले, की उत्तर इंग्लंडमध्ये लिहिले गेलेले बरेचसे निनावी भक्तिपर लेखन त्याच्या खात्यावर जमा होत गेले. थोर संताच्या नाममुद्रेखाली इतरांचे अभंग गोळा होत जावेत, तसाच हा प्रकार होता. कार्ल हॉर्स्टमन यांनी 1895-96 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांनी रोल व त्याचे अनुयायी यांचे लेखन प्रथमच मोठ्या प्रमाणावर छापले खरे, पण कोणते लेखन कोणाचे हा गुंता त्यांनी सोडविला नाही.

ॲलन यांनी हात घातला तो या गुंत्याला, आणि तोही त्यातील सर्वांत मोठ्या गाठीला. ‘द प्रिक ऑफ कॉन्शन्स’ हे पाप, मृत्यू, नरकयातना व अंतिम न्याय यांवरील दीर्घ काव्य मध्ययुगीन इंग्रजीतील सर्वाधिक प्रती उपलब्ध असलेले काव्य होय. त्याची एकशे पंधराहून अधिक हस्तलिखिते आज ज्ञात आहेत. ते रोलचे, असे शतकानुशतके मानले जाई. ॲलन यांच्या 1910 मधील प्रबंधिकेने दाखवून दिले, की इतक्या हस्तलिखितांपैकी मोजक्याच हस्तलिखितांत रोलचे नाव येते आणि काव्याचा आशय व स्वर रोलच्या निर्विवाद लेखनाशी जुळत नाही. रोलच्या लेखनाच्या केंद्रस्थानी ईश्वरी प्रेमाची उष्णता, माधुर्य आणि अंतरात उमटणारे गान ही त्रयी आहे; ‘प्रिक’च्या कर्त्याला भय घालावयाचे आहे. हा निष्कर्ष पुढे सर्वमान्य झाला. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या अभ्यासिकेने एका कवीकडून त्याचे सर्वांत प्रसिद्ध काव्य काढून घेतले, आणि त्यामुळे तो कवी प्रथमच स्पष्ट दिसू लागला.

या कामाचे पूर्ण रूप म्हणजे 1927 मधील ‘रायटिंग्ज अस्क्राइब्ड टु रिचर्ड रोल’ हा साडेपाचशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ. रोलच्या नावावरील प्रत्येक कृती, तिची प्रत्येक ज्ञात प्रत, प्रतीचा मालक, प्रतीतील शेजारचे लेखन, आरंभी-अखेरी आलेले कर्त्याचे उल्लेख, यांची नोंद करून त्यांनी खरे, संशयास्पद व खोटे असे वर्गीकरण केले. या ग्रंथास ब्रिटिश अकॅडमीचे रोज मेरी क्रॉशे पारितोषिक 1929 मध्ये मिळाले. वाचावयास तो सोपा नाही. एकेका हस्तलिखितावरून वाट फुटते आणि ती कोणा मठाच्या मालमत्तेपर्यंत, तेथून एखाद्या सरदार घराण्याच्या मृत्युपत्रापर्यंत जाते. मूळ प्रश्न कोणता होता याचा वाचकाला विसर पडतो. परंतु रोलवर काम करणाऱ्या नंतरच्या प्रत्येक संशोधकाला आरंभ येथूनच करावा लागला आहे. त्यानंतर 1931 मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने प्रसिद्ध केलेली रोलच्या इंग्रजी लेखनाची त्यांची निवड विद्यार्थ्यांच्या हाती दीर्घकाळ राहिली.

या ग्रंथाची एक बाजू मात्र आज टिकत नाही. ॲलन यांनी कृतींचा कालक्रम लावताना रोलच्या लेखनातील भावावस्था हाच त्याच्या आयुष्याचा पुरावा मानला. जेथे तो चिडलेला, आत्मसमर्थन करणारा, शब्दांच्या आतषबाजीत रमलेला दिसतो तेथे तारुण्य; जेथे तो शांत, इतरांना मार्ग दाखविणारा दिसतो तेथे परिपक्वता, असे त्यांचे गृहीत आहे. म्हणूनच ‘मेलोस अमोरिस’ हे अनुप्रासांनी लदलेले लॅटिन गद्य त्यांनी आरंभकाळात ठेवले. निकोलस वॉट्सन यांनी 1991 मध्ये या गृहीताचाच पाया काढला. संस्थात्मक अधिकार नसलेल्या साधकाने स्वतःचा अधिकार शब्दांतून कसा उभा केला, या दृष्टीने रोलचे लेखन वाचावे असे त्यांनी सुचविले आणि ‘मेलोस’ पुढच्या टप्प्यावर नेले. वॉट्सन यांचा युक्तिवाद अधिक पटण्याजोगा आहे. लेखनातील ‘मी’ हा रचलेला असू शकतो, ही शंका ॲलन यांना रोलच्या बाबतीत फारशी शिवली नाही. तरीही, वॉट्सन यांना ज्या कृती रोलच्या म्हणून वाचता आल्या, त्या कृती रोलच्याच आहेत हे ठरविले होते ॲलन यांनी, हेही विसरता येत नाही.

एक चुकलेले अनुमान

‘अँक्रन रिव्ल’ हा तेराव्या शतकातील गद्यग्रंथ चर्चच्या भिंतीलगतच्या कोठडीत स्वतःला आजन्म कोंडून घेणाऱ्या व्रतस्थ स्त्रियांसाठी लिहिला गेला. मूळ ग्रंथ तीन बहिणींसाठी होता. ॲलन यांनी 1918 मध्ये एका दीर्घ निबंधात असे प्रतिपादन केले, की या तिघी म्हणजे बाराव्या शतकात लंडननजीकच्या किलबर्न येथे राहिलेल्या एमा, गुनिल्डा आणि क्रिस्टिना होत. हे मान्य केल्यास ग्रंथाचा काळ बराच मागे जातो. जे. आर. आर. टॉल्किन यांनी 1929 मध्ये भाषेच्या आधारे या ग्रंथाच्या प्रतींचा संबंध पश्चिम मिडलँड्सशी जोडला आणि ई. जे. डॉब्सन यांनी 1976 मध्ये त्याचे मूळ हेरफर्डशायरमधील विगमोर मठापाशी शोधले. डॉब्सन यांचे अनुमानही पुढे प्रश्नांकित झाले. पण किलबर्न त्यानंतर परत आले नाही.

अनुमान चुकले असले तरी त्यामागील प्रश्न महत्त्वाचा होता. ग्रंथ कोणी लिहिला एवढेच विचारून ॲलन थांबत नाहीत. तो कोणत्या स्त्रियांनी ऐकला, त्यांचे पोट कोण भरीत होते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे आहे. भक्तिवाङ्मयाच्या ऐकणाऱ्या स्त्रियांना संशोधनाच्या मध्यभागी आणणारा हा प्रश्न 1918 मध्ये फारसे कोणी विचारीत नव्हते.

मार्जरी केम्प : ओळख आणि अवमूल्यन

मार्जरी केम्प (सुमारे 1373 ते 1438 नंतर) ही नॉरफोकमधील लिन या बंदराच्या शहरातील स्त्री. वडील जॉन ब्रनम हे पाच वेळा तेथील महापौर. चौदा मुलांची आई, मद्य गाळण्याच्या धंद्यात बुडालेली, नवऱ्याशी बोलणी करून शरीरसंबंधातून मुक्ती मिळविणारी, जेरुसलेम, रोम व सांतियागो येथे यात्रा करणारी आणि ख्रिस्ताच्या यातना आठवून भर प्रवचनात आक्रोश करणारी. लिहिता-वाचता न येणाऱ्या या स्त्रीने आपली जीवनकथा लेखनिकांकरवी लिहवून घेतली.

विसाव्या शतकाच्या आरंभी यातील काहीच ठाऊक नव्हते. ठाऊक होती ती विंकिन द वर्ड या मुद्रकाने 1501 च्या सुमारास काढलेली काही पृष्ठांची पुस्तिका. तीत ग्रंथातील निवडक उतारे होते आणि ते अशा रीतीने निवडलेले होते, की नवरा, मुले, प्रवास व रडणे यांतील जवळजवळ काहीच उरले नव्हते. उरले होते ते ख्रिस्ताचे एका शांत आत्म्याशी झालेले संभाषण. हेन्री पेपवेल याने 1521 मध्ये ती पुन्हा छापताना मार्जरीला कोठडीतील व्रतस्थ स्त्री ठरवून टाकले. म्हणजे संपूर्ण ग्रंथ हाती येण्यापूर्वी अभ्यासकांच्या मनात जी मार्जरी होती, ती ज्युलियन ऑफ नॉरिच हिची धाकटी बहीण शोभावी अशी होती.

बटलर-बाउडन घराण्याच्या संग्रहातील हस्तलिखित 1934 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आले. टेबल टेनिसचे सामान शोधताना ते कपाटातून बाहेर पडले अशी हकिकत सांगितली जाते, आणि ती इतकी रंगतदार आहे की खरे महत्त्व असलेली घटना तिच्याखाली झाकली जाते. कपाटातून हस्तलिखित पडणे हा योगायोग. ते काय आहे हे कळणे हा योगायोग नव्हे. गूढवादाच्या ख्यातनाम अभ्यासक एव्हलिन अंडरहिल यांच्याकडे प्रथम विचारणा झाली व त्यांनी ॲलन यांचे नाव सुचविले. ॲलन यांनी द वर्डच्या पुस्तिकेतील उताऱ्यांचे मूळ येथे आहे हे ओळखले आणि 27 डिसेंबर 1934 च्या ‘द टाइम्स’मधील पत्राद्वारे ते जाहीर केले. रोलच्या कामात दोन दशके जी सवय लागली होती, म्हणजे मोठ्या नावांच्या शेजारी असलेले क्षुल्लक, तुटक, निनावी लेखनही वाचून लक्षात ठेवावयाची, तिचेच हे फळ होय. शिवाय ग्रंथात मार्जरीला वाचून दाखविलेल्या पुस्तकांमध्ये रोलच्या ‘इन्सेंडियम अमोरिस’चा उल्लेख येतो. रोलचा वाचक कोण होता या प्रश्नाचे एक जिवंत उत्तर त्यांच्या हाती अनपेक्षितपणे आले होते.

येथून पुढील भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. भाषिक संपादनासाठी ॲलन यांनी मिशिगनच्या मध्ययुगीन इंग्रजी शब्दकोशावर काम करणाऱ्या मीच यांना सोबत घेतले. श्रेय आणि कामाची विभागणी यांवरून दोघांत तीव्र मतभेद झाले. अखेर संहिता, प्रस्तावना व शब्दसूची मीच यांच्या वाट्याला गेली. ॲलन यांचे म्हणणे पहिल्या खंडात टिपांपुरते मर्यादित झाले, आणि मुख्य विवेचन दुसऱ्या खंडावर ढकलले गेले. जॉन हर्श यांच्या 1988 मधील चरित्रग्रंथाने व मरिया मिचेल यांच्या 2005 मधील अभ्यासाने हा व्यवहार पुढे आणला हे योग्यच झाले. पण संहितेचे काम दुसऱ्याकडे सोपविण्याचा निर्णय मुळात ॲलन यांचाच होता, याकडेही पाहिले पाहिजे. संहिता हे केवळ भाषाशास्त्रज्ञाचे क्षेत्र आणि संदर्भ हे आपले, अशी विभागणी त्यांनी मान्य केली. ज्या संशोधिकेने रोलच्या बाबतीत हस्तलिखित आणि अर्थ यांची फारकत कधी होऊ दिली नाही, तिने मार्जरीच्या बाबतीत ती होऊ दिली, ही खरी हानी होय.

प्रास्ताविक टिपणातील मार्जरीविषयीचा त्यांचा अभिप्रायही आजच्या वाचकाला खटकतो. मार्जरी त्यांना मानसिक ताणाने ग्रस्त, क्षुद्र गोष्टींत अडकणारी, स्वतःला मिरविणारी वाटते. गूढानुभवाच्या पायऱ्यांवर त्या तिला खालची जागा देतात. हे मोजमाप रोल, वॉल्टर हिल्टन व ज्युलियन यांच्यावरून बेतलेले आहे, म्हणजे एकांतातील साधकांवरून. बाजारात, जहाजावर, धर्माधिकाऱ्यांसमोर रडणाऱ्या स्त्रीला ते लागू पडत नाही. मात्र त्याच टिपणात व टिपांत दुसरे मोजमाप आकार घेताना दिसते. स्वीडनची ब्रिजेट, मारी द्वान्यी, हंगेरीची एलिझाबेथ या युरोप खंडातील स्त्रियांकडे ॲलन पुन्हा पुन्हा वळतात. यांतील काही नावे खुद्द ग्रंथातच आहेत. विशेष म्हणजे त्या डान्झिगनजीकच्या डोरोथिया ऑफ माँटाऊ (मृत्यू 1394) हिच्याकडे लक्ष वेधतात. डोरोथियाही विवाहित, अनेक मुलांची आई, यात्रेकरू आणि अश्रू ढाळणारी होती. मार्जरीची सून डान्झिगची होती आणि मार्जरी स्वतः त्या शहरात जाऊन आली होती. या रांगेत उभी केली की मार्जरी ही इंग्रजी गूढवादातील विक्षिप्त अपवाद राहत नाही. ती एका युरोपीय परंपरेतील इंग्रज स्त्री ठरते.

दुसरा खंड हा या मांडणीसाठी होता. युद्धकाळात ॲलन ओनायडास परतल्या. ब्रिजेटच्या पंथाचा इंग्लंडमधील प्रसार, लिनचे बाल्टिक बंदरांशी असलेले संबंध, डोरोथियाच्या चरित्राचा मार्ग, असे एकेक प्रकरण स्वतंत्र ग्रंथाएवढे वाढत गेले. विद्यापीठातील एखाद्या सहकाऱ्याने शंभर पानांवर थांबा असे म्हटले असते, तर त्यांनी ऐकले असते असे नाही. पण म्हणणारे कोणी नव्हते हे खरे. याच दिशेने क्लॅरिसा ॲटकिन्सन यांचा मार्जरीवरील ग्रंथ 1983 मध्ये आला, म्हणजे पहिल्या खंडानंतर त्रेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात टिपणातील प्रतिकूल अभिप्राय तेवढा पुनःपुन्हा उद्धृत होत राहिला, आणि ज्या टिपा त्याला छेद देत होत्या त्या ग्रंथाच्या शेवटी बारीक अक्षरांत पडून राहिल्या.

ॲलन यांची कागदपत्रे ब्रिन मॉर महाविद्यालय आणि ऑक्सफर्डचे बोडलियन ग्रंथालय यांत विभागलेली आहेत. याखेरीज ओनायडा येथील मूळनिवासी स्त्रियांकडून ऐकलेल्या कथांच्या त्यांनी केलेल्या नोंदी अँथनी वंडर्ली यांनी 2004 मधील आपल्या ग्रंथात वापरल्या आहेत. वरवर पाहता हे काम रोल-मार्जरीपासून दूरचे वाटते. परंतु लिहिता न येणाऱ्या स्त्रीचे बोलणे दुसऱ्याच्या लेखणीतून कागदावर उतरते तेव्हा त्यातले तिचे किती आणि लिहिणाऱ्याचे किती, हा मार्जरी व तिचे लेखनिक यांच्याविषयीचा प्रश्न येथे ॲलन यांच्यासमोर उलट बाजूने उभा होता. बोलणारी दुसरी स्त्री होती, आणि लेखनिकाच्या जागी त्या स्वतः होत्या.